अभ्यास मंडळाने प्रस्ताव परत पाठवला, आता?

प्रश्न : मी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक आहे. आमच्या तीन वर्षांच्या पदवीत तिसऱ्या सत्राला 'संख्यात्मक विश्लेषण' (गणितांची जवळपासची उत्तरं आकडेमोडीने काढण्याच्या पद्धती) हा चार क्रेडिटचा सक्तीचा विषय आहे. तो काढून त्याजागी 'डेटा विश्लेषण आणि संगणकीय पद्धती' हा चार क्रेडिटचाच विषय आणायचं विभागाने ठरवलं. त्यात दोन क्रेडिट व्याख्यानांचे आणि दोन प्रात्यक्षिकांचे आहेत. जुना विषय वर्षानुवर्षं शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी सोडले तर सगळ्यांची संमती होती. नव्या विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम संदर्भग्रंथांच्या यादीसह मी अभ्यास मंडळाकडे, म्हणजे विषयाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीकडे, पाठवला. महिन्याभराने 'पुनर्विचारार्थ परत' एवढाच शेरा घेऊन फाइल परत आली. चार क्रेडिट गेले, चार आले. यात पुनर्विचार करण्यासारखं काय आहे? येत्या शैक्षणिक वर्षापासून हा बदल लागू करता येईल का? आणि सहकाऱ्यांच्या विरोधाचं काय करायचं?
— एक सहायक प्राध्यापक

उत्तर :

नमस्कार,

'चार क्रेडिट गेले, चार आले' हे तुमचं वाक्य आधी घेऊ, कारण फाइल परत येण्याचं मूळ बहुधा तिथेच आहे. नवा विषय चांगला आहे की नाही, यावर मंडळात फार वेळ जात नाही. तज्ज्ञ मंडळी अभ्यासक्रम वाचतात, एखादं प्रकरण इकडचं तिकडे करायला सांगतात आणि पुढे जातात. अडतं ते दुसरीकडे. जो विषय काढला त्याच्या आधारावर काय काय उभं होतं आणि त्याची सोय कुणी केली, हे कागदावर नसेल तर जाणता अध्यक्ष फाइल पुढे जाऊ देत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या प्रस्तावात येणाऱ्या विषयाची सगळी माहिती आहे, जाणाऱ्या विषयाबद्दल एक ओळही नाही.

पहिलं काम अगदी साधं आहे. मंडळाच्या सचिवांकडून त्या बैठकीच्या इतिवृत्तातला तुमच्या विषयापुरता भाग मागून घ्या. शेरा एका ओळीचा असला तरी चर्चेचा सारांश बहुतेक वेळा नोंदलेला असतो. तो नसेल तर अध्यक्षांची वेळ घेऊन भेटा आणि आक्षेप शब्दशः लिहून घ्या. मंडळाच्या सगळ्या सदस्यांना एकत्र ईमेल टाकून खुलासा करू नका. त्यातून बैठकीबाहेर दुसरी बैठक सुरू होते आणि तिची कुठेच नोंद राहत नाही.

'परत' आणि 'सुधारणांसह मंजूर' यांत मोठा फरक आहे, तोही ध्यानात घ्या. सुधारणांसह मंजूर झालेला प्रस्ताव अध्यक्षांनी दुरुस्त्या तपासल्या की पुढे सरकतो. परत आलेला प्रस्ताव मात्र पुन्हा कार्यसूचीवर यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी विभागाच्या नव्या ठरावासह. विभागाची बैठक न घेता दुरुस्त प्रत परस्पर पाठवली तर ती याच एका कारणावर दुसऱ्यांदा परत येऊ शकते.

आता प्रस्तावाकडे येऊ. तुम्ही एक प्रस्ताव पाठवला, पण तुम्हाला हवा असलेला बदल प्रत्यक्षात तीन निर्णयांचा आहे. एक, नवा विषय सुरू करणं. दोन, जुना विषय बंद करणं. तीन, पदवीच्या रचनेत सक्तीच्या विषयांची यादी बदलणं. बहुतेक विद्यापीठांत या तिन्हींचे नमुने वेगळे असतात आणि मंजुरीची पातळीही वेगळी असते. संदर्भग्रंथ बदलणं, प्रकरणांचा क्रम बदलणं अशा किरकोळ गोष्टी विभागात किंवा अभ्यास मंडळात संपतात. नवा ऐच्छिक विषय मंडळापर्यंत किंवा विद्याशाखेपर्यंत जातो. सक्तीच्या विषयांची यादी, पदवीचे एकूण क्रेडिट, उत्तीर्ण होण्याचे नियम किंवा पदवीचं नाव बदलायचं असेल तर विद्या परिषदेपर्यंत जावंच लागतं. मंडळांची नावं विद्यापीठागणिक निराळी असतात. कुठे सिनेट असते, कुठे अभ्यासक्रम समिती. चढाई मात्र सगळीकडे सारखीच आहे : विभाग, विषयाचं मंडळ, विद्याशाखा, सर्वोच्च शैक्षणिक मंडळ. आणि पैसे किंवा पदं लागणार असतील तर बाजूला आर्थिक मंजुरी.

दुसऱ्या निर्णयापाशी थोडं थांबा. विषय बंद करणं आणि सक्तीच्या यादीतून काढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला खरोखर 'संख्यात्मक विश्लेषण' विद्यापीठातून नाहीसा करायचा आहे का? की तुमच्या विद्यार्थ्यांवरची सक्ती तेवढी काढायची आहे? दुसरं असेल तर तो ऐच्छिक म्हणून ठेवता येतो आणि पुढच्या अर्ध्याअधिक अडचणी आपोआप सुटतात. त्याची किंमत एवढीच, की विषय चालवायला किमान विद्यार्थीसंख्या लागते आणि शिकवणारा माणूस त्यात गुंतून राहतो. हा पर्याय विभागाने विचारात घेतला होता आणि अमुक कारणासाठी स्वीकारला किंवा नाकारला, अशी दोन वाक्यं प्रस्तावात असलीच पाहिजेत. मंडळ हा प्रश्न विचारणारच.

आता हिशेब. क्रेडिट सारखे म्हणून तास सारखे, असं नसतं. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पदवी आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास व्याख्यान, पण प्रात्यक्षिकाला तोच एक क्रेडिट 30 तासांचा. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट आणि एका क्रेडिटला 25 ते 30 तास धरतात. पण ते विद्यार्थ्याच्या एकूण श्रमाचे तास असतात, वर्गातले नव्हेत. तुमच्याकडे जी पद्धत असेल तिच्यात आकडे मांडून बघा. आपण 15 आणि 30 तास धरू.

जुना विषय : चार क्रेडिट व्याख्यान, म्हणजे सत्रात 60 तास, 15 आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला 4 तास. वर्गात 60 विद्यार्थी असले तरी शिक्षकाचे तास चारच. नवा विषय : दोन क्रेडिट व्याख्यानाचे आठवड्याला 2 तास आणि दोन क्रेडिट प्रात्यक्षिकाचे 4 तास. विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात 4 ऐवजी 6 तास आले. प्रयोगशाळेत 20 संगणक असतील तर 60 विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या होतात. प्रत्येक तुकडीचे 4 तास, म्हणजे प्रात्यक्षिकांचे 12 तास, अधिक व्याख्यानाचे 2. शिक्षकांचा कार्यभार आठवड्याला 4 तासांवरून 14 तासांवर गेला, आणि प्रयोगशाळा आठवड्यातले 12 तास अडली. सत्राचे मिळून 60 तासांच्या जागी 210 तास. ज्या मंडळात वेळापत्रक लावणारा एक जरी सदस्य बसला असेल त्याने हा हिशेब समासात पेन्सिलीने केलाच असणार.

याचा अर्थ प्रस्ताव सोडून द्या असा नाही. तीन क्रेडिट व्याख्यान आणि एक क्रेडिट प्रात्यक्षिक अशी मांडणी केली तर तेच गणित 3 अधिक 6, म्हणजे 9 तासांवर येतं. मूळ मांडणी ठेवून 30 संगणकांची प्रयोगशाळा मिळाली तर दोन तुकड्या होतात आणि कार्यभार 10 तास होतो. कोणता मार्ग घ्यायचा हे विभागाने ठरवावं, पण आकडा प्रस्तावात स्वतःहून लिहा. आणि वाढलेले तास कुणाकडे जाणार, तेही लिहा. 'उपलब्ध मनुष्यबळात करता येईल' हे वाक्य लिहू नका. त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. 'अमुक ऐच्छिक विषय एक वर्षाआड चालवून आठवड्याचे 4 तास मोकळे होतील' अशा वाक्यावर बसतो.

पुढचं काम कष्टाचं आहे, आणि बहुतेक प्रस्ताव इथेच कच्चे राहतात. विद्यापीठाच्या सगळ्या विद्याशाखांची माहितीपुस्तिका उघडा आणि जुन्या विषयाचा संकेतांक शोधा. नंतर नावाने शोधा, कारण कुठे संकेतांक छापलेला असतो, कुठे नुसतं नाव, कुठे जुनं नाव. तो तीन प्रकारच्या जागी सापडतो. कुठल्या तरी विषयाची पूर्वअट म्हणून, म्हणजे तो विषय घेण्याआधी उत्तीर्ण व्हावा लागणारा विषय म्हणून. दुसऱ्या विभागाच्या गौण किंवा ऐच्छिक विषयांच्या यादीत. आणि दुसऱ्या संस्थेशी केलेल्या क्रेडिट हस्तांतराच्या किंवा संयुक्त पदवीच्या करारात. तिसरी जागा पुस्तिकेत सापडत नाही. त्यासाठी कुलसचिव कार्यालयात विचारावं लागतं.

उदाहरणादाखल, भौतिकशास्त्राच्या पाचव्या सत्रातल्या 'संगणकीय भौतिकशास्त्र' या विषयाला 'संख्यात्मक विश्लेषण' ही पूर्वअट आहे असं निघालं. तुम्ही विषय बंद केलात की दोन वर्षांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा विषय निवडताच येणार नाही, कारण संगणकप्रणाली पूर्वअट अपूर्ण दाखवेल. तुमच्या विभागात कुणाला याची गंधवार्ताही नसेल. ज्या ज्या विभागाचं नाव निघेल त्या प्रत्येकाच्या प्रमुखांना लेखी कळवा. पत्रात चारच गोष्टी असू द्या : काय बदलतं आहे, तुमच्या कोणत्या विषयावर परिणाम होईल, कोणत्या बॅचपासून, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं. उत्तरासाठी तीन पर्याय छापून द्या : हरकत नाही, अटींसह हरकत नाही, हरकत आहे. दोन ते तीन आठवड्यांची मुदत पुरेशी असते. मुदतीत उत्तर आलं नाही तर ती संमती मानायची का, हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमात पाहा. नियम गप्प असेल तर गृहीत धरू नका, स्मरणपत्र पाठवा आणि तेही प्रस्तावाला जोडा. तोंडी 'काही हरकत नाही हो' यावर विसंबून राहू नका. विभागप्रमुख बदलतात.

पूर्वअट उलट बाजूनेही तपासा. तुमचा नवा विषय स्वतः कशावर उभा आहे? पहिल्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी कोड लिहिणार असेल तर त्याला ते कुणी आणि कधी शिकवलं? उत्तर 'संगणकशास्त्र विभागाचा दुसऱ्या सत्रातला ऐच्छिक विषय' असं असेल, तर तो ऐच्छिक विषय तुमच्या विद्यार्थ्यांसाठी आता सक्तीचा झाला. कागदावर चार क्रेडिटचा दिसणारा बदल प्रत्यक्षात आठ क्रेडिटचा आहे, आणि संगणकशास्त्र विभागाकडे तेवढ्या जागा आहेत का हा नवा प्रश्न. समित्या अशा छुप्या पूर्वअटींवर खास नजर ठेवून असतात. इथे आमचा सल्ला असा, की नव्या विषयाचे पहिले दोन आठवडे प्रोग्रामिंगच्या पायाभूत गोष्टींना द्या आणि पूर्वअट ठेवूच नका. शेवटी शिकवायचं एखादं प्रकरण गळेल, पण साखळी तुटेल. साखळी लांबली की तिच्या टोकाला नेहमी कुणीतरी विद्यार्थी अडकलेला असतो.

त्या विद्यार्थ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्या प्रस्तावात जास्तीत जास्त काळजी इथे घ्यायला हवी आणि कमीत कमी घेतली जाते. ज्याचा एकच पेपर राहिला आहे असा विद्यार्थी कुठल्याच मंडळाच्या बैठकीत बसलेला नसतो. त्याच्या वतीने तुम्हीच विचार करायचा आहे.

समजा नवी रचना 2027 मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्या बॅचला लागू झाली. ही मुलं तिसऱ्या सत्राला 2028 मध्ये पोचतील. म्हणजे नवा विषय पहिल्यांदा 2028 मध्ये शिकवला जाईल, 2027 मध्ये नाही. 2026 ची बॅच 2027 मध्ये तिसऱ्या सत्रात जुनाच विषय शिकेल आणि ती नियमित वर्गाची शेवटची खेप असेल. 'शैक्षणिक वर्ष 2027 पासून लागू' एवढंच लिहिलं की परीक्षा विभाग त्याचा एक अर्थ लावतो आणि विभाग दुसरा. म्हणून नेहमी 'अमुक वर्षी प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपासून' असं लिहा आणि पुढे कोणतं सत्र कोणत्या वर्षी, हेही लिहा.

आता कडेची माणसं बघा. 2026 च्या बॅचमधली एक विद्यार्थिनी आजारपणामुळे वर्षभर थांबली आणि 2028 मध्ये तिसऱ्या सत्राला परत आली. जुना विषय आता शिकवला जात नाही. ती कोणत्या रचनेत? 2026 च्याच बॅचचा एक जण 'संख्यात्मक विश्लेषण'मध्ये नापास झाला. त्याची परीक्षा किती वेळा होणार आणि त्याला शिकवणार कोण? दुसऱ्या विद्यापीठातून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याने जुना विषय तिकडे उत्तीर्ण केला असेल तर इथे त्याचे क्रेडिट कशात धरायचे? आणि जुना विषय उत्तीर्ण झालेल्याला नवा विषय ऐच्छिक म्हणून घ्यायचा असेल तर? दोन्हींत बराच भाग सारखा असेल तर एकाच ज्ञानाचे दोनदा क्रेडिट मिळतील. यातल्या प्रत्येकासाठी प्रस्तावात एक ओळ हवी.

ही ओळ समकक्षता तक्त्यात, म्हणजे कोणता जुना विषय कोणत्या नव्या विषयाच्या बरोबरीचा धरायचा ते सांगणाऱ्या तक्त्यात, जाते. तक्त्यात जुना संकेतांक, नवा संकेतांक, समकक्षता कोणत्या दिशेने, कोणत्या अटीवर आणि किती काळ, असे पाच रकाने पुरतात. इथला नेहमीचा सापळा म्हणजे क्रेडिट जुळले म्हणून दोन्ही विषय समकक्ष जाहीर करून मोकळं होणं. तुमच्या बाबतीत ते करू नका. ज्याला समीकरणांची मुळं काढण्याच्या पद्धतींत दोनदा अपयश आलं त्याला आता सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकाला बसवणं म्हणजे त्याच्या अडचणीवर दुसरी अडचण चढवणं आहे. त्यापेक्षा जुन्या विषयाची परीक्षा पुढची दोन वर्षं, दर सत्राला एकदा, म्हणजे चार वेळा होईल असं स्पष्ट लिहा. त्या काळात आठवड्याला एक तास शंकानिरसनाचा वर्ग ठेवा आणि तो कार्यभारात मोजा. चार संधींनंतरही कुणी राहिलंच तर त्याने नवा विषय घ्यावा, सोबत पायाभूत वर्ग. शेवटच्या परीक्षेची तारीख विषय राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला वैयक्तिक पत्राने कळवायची जबाबदारी कुणाची, तेही नाव न लिहिता पदाने लिहा.

एक गोष्ट कधीच करू नका : जुना संकेतांक नव्या विषयाला देणं. प्रणालीत नवा संकेतांक तयार करून घेणं कटकटीचं असतं म्हणून हा मोह होतो. दहा वर्षांनी एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या गुणपत्रकावर तोच संकेतांक दिसेल आणि पडताळणी करणारा नवा अभ्यासक्रम उघडून बसेल. आशय ठळकपणे बदलला की संकेतांक बदलायचा, हा नियम पाळा.

प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना जे सांगितलं होतं त्यात मध्येच बदल करणं हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, कायद्याचाही होऊ शकतो. ब्रिटनमध्ये स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने 2015 मध्ये विद्यापीठांना ग्राहक कायद्याखालच्या जबाबदाऱ्यांबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं; अभ्यासक्रमाची माहिती आणि त्यातले बदल त्यात येतात. अमेरिकेत मान्यता देणाऱ्या संस्थांच्या नियमांनुसार, मागच्या मूल्यांकनानंतर एखाद्या पदवीचे तास, क्रेडिट किंवा आशय मिळून 25 टक्के किंवा अधिक बदलले तर ते कळवावं लागतं. यातला 'मिळून' महत्त्वाचा. दरवर्षी एकेक विषय बदलणाऱ्या विभागाला आपण चार-पाच वर्षांत पदवीच बदलून टाकली हे कळत नाही. मागच्या पाच वर्षांत या पदवीत झालेल्या बदलांची एक छोटी यादी प्रस्तावाला जोडा. तुमच्या पदवीला बाहेरच्या एखाद्या संस्थेची मान्यता असेल तर तिचा पूर्वसूचनेचा नियम आधी वाचा.

आता कारणमीमांसा. ती दीड पानाहून मोठी नको. 'काळाची गरज' आणि 'इतर विद्यापीठांत हा विषय आहे' या दोन वाक्यांनी कुणाचंच समाधान होत नाही. काढलेल्या विषयामुळे पदवीच्या कोणत्या अपेक्षित निष्पत्तीला, म्हणजे पदवीअखेर विद्यार्थ्याला जमायला हव्या अशा कोणत्या गोष्टीला, धक्का लागतो, ते आधी लिहा. पदवीच्या निष्पत्ती एका बाजूला आणि सगळे सक्तीचे विषय दुसऱ्या बाजूला असा तक्ता मांडा. 'संख्यात्मक विश्लेषण'चा रकाना झाका आणि पाहा, कोणती ओळ रिकामी पडते? संगणकाने काढलेल्या उत्तरातली त्रुटी ओळखणं आणि तिची मर्यादा ठरवणं ही क्षमता कदाचित त्या एकाच विषयात येत असेल. तसं असेल तर ती नव्या विषयात कुठल्या प्रकरणात आणि किती तासांत येणार, ते दाखवा. नव्या विषयाच्या निष्पत्तीही तपासता येतील अशा शब्दांत हव्यात. 'विद्यार्थ्याला डेटा विश्लेषणाचं आकलन होईल' हे मोजता येत नाही. 'अपूर्ण नोंदी असलेला डेटासंच साफ करून योग्य प्रतिमान निवडेल आणि निवडीचं कारण लिहील' हे प्रात्यक्षिक परीक्षेत तपासता येतं. अशा पाच-सहा पुरेत, आणि प्रत्येकीसमोर ती कोणत्या मूल्यमापनात तपासली जाईल ते लिहा.

इथेच तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा प्रश्न येतो. तुम्ही 'त्यांच्या विरोधाचं काय करायचं' असं विचारलंय. आमचं स्पष्ट मत आहे की त्यांना प्रस्तावात बरोबर घ्या. जुना विषय काढल्यावर नेमकं काय हरवतं हे विभागात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्यांच्याकडे जाऊन एकच विनंती करा : सर, या विषयातलं काहीही झालं तरी टिकलंच पाहिजे असं काय आहे, ते आम्हाला लिहून द्या. बहुधा यादी लहान निघेल. त्रुटींचं विश्लेषण, पुनरावृत्ती पद्धतींचं अभिसरण, अंतर्वेशन असं काहीतरी. त्यातलं जे खरोखर घेता येईल ते नव्या विषयात घ्या आणि प्रस्तावात तसं नमूद करा. तरीही त्यांचं मत विरोधातच राहिलं तर त्यांची भिन्नमतपत्रिका जोडा, सोबत विभागाचं उत्तर. लपवलेला विरोध बैठकीत कुणीतरी काढतोच, आणि तेव्हा विभागाचा मान जातो. त्यांना विषय सोडावा लागला तर पुढे काय शिकवतील, हेही बैठकीआधी त्यांच्याशी बोलून ठरवा. आयुष्यभर शिकवलेला विषय जाणार असल्याचं इतिवृत्तातून कळावं, हे कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

बैठकीची तयारी फार नाही. कागदपत्रं सदस्यांना आधीच गेलेली असतात. ऐन वेळी टेबलावर सुधारित प्रत वाटू नका, नाहीतर अर्धे सदस्य एक प्रत वाचतात आणि अर्धे दुसरी. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख असू द्या. मागच्या वेळचे आक्षेप, तुमचं उत्तर आणि कोणत्या पानावर बदल केला, असा एक तक्ता सगळ्यात वर लावा. ठरावाचा मसुदाही तुम्हीच लिहून न्या : नवा संकेतांक, नाव, क्रेडिट, व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांची विभागणी, सत्र, पूर्वअट, कोणत्या बॅचपासून, कोणता संकेतांक बंद, त्याची शेवटची परीक्षा कधी. घाईत लिहिलेल्या ठरावात यातली एखादी गोष्ट गळते आणि वरच्या मंडळाला नेमकं काय मंजूर करायचं हेच कळत नाही. विद्या परिषदेत तुमचा विषय बहुधा पंधरा-वीस विषयांच्या गठ्ठ्यात विनाचर्चा मंजुरीसाठी जाईल. कोणताही सदस्य त्यातून एखादा विषय चर्चेसाठी बाहेर काढू शकतो, म्हणून तुमच्या विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांना आधी दहा मिनिटं भेटून हिशेब समजावून ठेवा.

येत्या वर्षापासून लागू करता येईल का? सक्तीचा विषय बदलून तो या वर्षी तिसऱ्या सत्रात असलेल्या मुलांना लावायचा असेल, तर नाही. आणि तसा प्रयत्नही करू नका. सक्तीच्या विषयातल्या बदलाला पहिल्या मसुद्यापासून माहितीपुस्तिकेत छापून येईपर्यंत एक ते दीड वर्ष धरून चालावं. प्रवेशाची जाहिरात आणि माहितीपुस्तिका कधी निघते ती तारीख घ्या आणि मागे मोजत या : त्याआधीची विद्या परिषद, तिच्याआधी विद्याशाखा, तिच्याआधी अभ्यास मंडळ, प्रत्येकीची कागद द्यायची शेवटची तारीख. एक बैठक चुकली की पुढची दोन-तीन महिन्यांनी.

मधला काळ मात्र वाया घालवायची गरज नाही. बऱ्याच विद्यापीठांत 'विशेष विषय' किंवा तत्सम नावाने एक मोकळा संकेतांक असतो. त्याखाली नवा आशय एक-दोनदा ऐच्छिक म्हणून चालवता येतो आणि त्याची मंजुरी खालच्या पातळीवर मिळते. येत्या वर्षी तुमचा विषय तसा चालवा, वीस विद्यार्थ्यांची एकच तुकडी घेऊन. कोणतं प्रात्यक्षिक दोन तासांत होत नाही, मुलं कुठे अडतात, प्रोग्रामिंगला दोन आठवडे पुरतात की तीन लागतात, हे सगळं कळेल. सत्राच्या शेवटी त्याचा दोन पानांचा अहवाल मुख्य प्रस्तावाला जोडा.

मंजुरी मिळाल्यावर फाइल कपाटात ठेवण्याआधी परीक्षा विभागात बसून प्रणालीतली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी तपासा : क्रेडिट, गुणांची विभागणी, उत्तीर्णतेची अट, व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांचा वेगवेगळा उत्तीर्णांक, समकक्षता. एखाद्या काल्पनिक विद्यार्थ्याची नोंदणी करून पाहा. 2026 च्या बॅचचा एक, 2027 चा एक आणि मध्ये थांबून परत आलेला एक. तिघांना योग्य विषय दिसले तर काम झालं. जुन्या विषयाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून काढू नका. तो कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत लागू होता ते पहिल्या पानावर लिहून वेगळा जतन करा, कारण परदेशी प्रवेशासाठी किंवा नोकरीच्या पडताळणीसाठी माजी विद्यार्थी त्याची साक्षांकित प्रत मागायला येतात, आणि ती विभागाकडे नसेल तर त्यांना ती दुसरीकडे कुठेच मिळत नाही.